हृदयरोग आणि घरचें माणूस

हृदय ह्या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ रूढ आहेत. वैद्य ज्यास हृदय म्हणतो तें छातीच्या पिंजऱ्यांतील मुठीएवढें मांसल यंत्र होय. कवि ज्यास हृदय म्हणतो त्याचा ठावठिकाणा कोणत्याही शवच्छेदांत आजवर सांपडलेला नाहीं. लोकभाषेनें तर आणखीच गोंधळ करून ठेविला आहे. खाटकाच्या दुकानीं काळीज म्हणून जें मिळतें तें वस्तुतः यकृत. पण मायेनें तुटतें, भयानें धडधडतें आणि दुःखानें फाटतें तेंही काळीजच. ह्या दोन अर्थांची एकमेकांशीं कोठें गांठ पडते काय, हा प्रश्न गेल्या अडीचशें वर्षांत वैद्यकानें अनेकदां उचलला व अनेकदां टाकून दिला. त्यांतील एकच धागा प्रस्तुत निबंधांत हातीं घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. हृदयरोगांतून उठणाऱ्या मनुष्याच्या प्रकृतीवर त्याच्या पतिपत्नीसंबंधाचा परिणाम होतो काय, आणि होत असल्यास ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानांत केव्हां व कशी आली, एवढाच आमचा विषय.

विल्यम हेबर्डन नांवाच्या इंग्रज वैद्यानें इ. स. १७६८ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या वैद्यसभेपुढें एक निबंध वाचला. तो १७७२ त छापून प्रसिद्ध झाला. चालतांना, विशेषतः चढावर अगर जेवणानंतर चालतांना, छातींत एकाएकीं घुसमट होते, थांबतांच ती नाहींशी होते, आणि असा रोगी एखादे दिवशीं अकस्मात् मरून पडतो, असें त्यानें वर्णन केलें व ह्या विकारास अँजायना पेक्टोरिस हें नांव दिलें. आपल्याकडील वैद्यकग्रंथांत त्यास हृच्छूल म्हणतात. हेबर्डनच्या मृत्यूनंतर १८०२ त त्याचीं टिपणें प्रसिद्ध झालीं. त्यांत तो म्हणतो कीं, असे जवळजवळ शंभर रोगी आपण पाहिले. पैकीं स्त्रिया तीन, बारा वर्षांचा मुलगा एक, व बाकीचे पुरुष, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. ह्या तीन स्त्रियांचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें प्रयोजन पुढें पडणार आहे. आणखी एक बारीकशी नोंद त्यानें करून ठेविली आहे. एका रोग्यानें रोज अर्धा तास करवतीनें लांकूड कापण्याचा नेम धरिला, आणि तो जवळजवळ बरा झाला. ही नोंद पुढील दीडशें वर्षें धूळ खात पडली.

हेबर्डनच्याच काळांत ह्या रोगानें लंडनमधील एक मोठा शस्त्रवैद्य गांठला. जॉन हंटर हा शरीररचनेचा अद्वितीय ज्ञाता, पण स्वभावानें जमदग्नि. त्यास १७७३ त पहिली कळ आली. राग आला कीं कळ येते हें त्याच्या स्वतःच्याच ध्यानांत आलें, आणि आपणांस चिडविण्याची ज्यास हौस वाटेल अशा कोणाही हलकटाच्या हातीं आपला प्राण आहे, असें तो उघड बोलून दाखवी. तसेंच झालें. ता. १६ आक्टोबर १७९३ रोजीं सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या सभेंत वादावादी झाली, कोणींसा त्याच्या म्हणण्यास विरोध केला, हंटर रागानें शेजारच्या खोलींत गेला व तेथेंच गतप्राण झाला. त्याच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या हाडासारख्या कठीण झालेल्या आढळल्या. देवीची लस काढणारा एडवर्ड जेन्नर हा हंटरचा शिष्य. गुरूचें दुखणें ह्या रोहिण्यांचेंच असावें हें त्यानें पुष्कळ वर्षें आधीं ताडिलें होतें, परंतु गुरूच्या मनास धक्का बसेल म्हणून तो त्याच्यापाशीं गप्प राहिला.

आम्हांस ह्या कथेंत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते ती अशी कीं, पहिली कळ आल्यावर हा मनुष्य वीस वर्षें जगला, आणि तीं वीसही वर्षें ॲन हंटर ही त्याची पत्नी त्याच्या घरांत होती. ती कवयित्री होती. हेडन ह्या संगीतकारानें तिच्या कवितांस चाली लाविल्या आहेत. नवऱ्यास राग कोणीं आणला ह्याची नोंद चरित्रकारांनीं मोठ्या तत्परतेनें केली. जो मनुष्य राग येतांच मरूं शकतो त्याच्या घरांत त्या स्त्रीनें वीस वर्षें कशीं काढिलीं, हें विचारण्याचें मात्र त्या काळीं कोणास सुचलें नाहीं. रागानें हृदय बिघडतें एवढी गोष्ट १७९३ सालींच सिद्ध झाली होती म्हणावयाची. तिचा उलट प्रश्न, म्हणजे शांततेनें व मायेनें तें सांवरतें कीं काय, हा पावणेदोनशें वर्षें तसाच पडून राहिला.

आपल्या महाराष्ट्रापुरतें पाहूं गेल्यास असा एक दाखला ग्रंथरूपानें उपलब्ध आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ता. १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस हृद्विकारानें वारले. रमाबाईंनीं १९१० सालीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें; त्याचा शेवटचा भाग पतीच्या दुखण्याचा आहे. हें पुस्तक समाजसुधारणेचा इतिहास म्हणून वाचतात, स्त्रीशिक्षणाची कथा म्हणून वाचतात, मराठी गद्याचा नमुना म्हणूनही वाचतात. हृद्रोग्याच्या पत्नीची साक्ष म्हणून तें वाचण्याची चाल नाहीं. तसें वाचून पाहावें अशी आमची शिफारस आहे. त्या काळीं हृच्छूलावर वैद्याच्या हातीं काय होतें? लॉडर ब्रंटन ह्यानें १८६७ त हुंगावयास दिलेलें अमिल नायट्राइट, व विल्यम मरेल ह्यानें १८७९ त प्रचारांत आणलेला नायट्रोग्लिसरिनचा थेंब. दोन्हींनीं कळ तात्पुरती शमे. रोग जागच्या जागीं राही. बाकीचें सारें, म्हणजे रात्रीचें जागरण, छाती शेकणें, चिंता चेहऱ्यावर दिसूं न देणें, आणि जो मनुष्य काम सोडण्यास मुळींच तयार नाहीं त्यास काम सोडावयास सांगावें कीं न सांगावें हा निर्णय, पत्नीच्या वांट्यास येई. विवाहाच्या वेळीं अकरा वर्षांची असलेली मुलगी सत्तावीस वर्षांनीं अशा पेंचांत सांपडली, तेव्हां तिला सल्ला देण्याजोगें एक वाक्यही वैद्यकाच्या पुस्तकांत नव्हतें.

असें वाक्य नव्हतें इतकेंच असतें तरी बरें. पुढें वाक्यें आलीं तीं उफराटीं आलीं. शिकागोच्या जेम्स हेरिकनें १९१२ त असें दाखविलें कीं, हृदयाची रोहिणी एकाएकीं तुंबली म्हणजे मनुष्य मरतोच असें नाहीं. पुष्कळ जण त्यांतून वांचतात. हा शोध थोर होता. पण वांचलेल्यास काय करावें? विश्रांति द्यावी. हेरिकनें कांहीं दिवसांची सांगितली. शिष्यांनीं तिचे आठवडे केले. मृत झालेल्या स्नायूच्या जागीं घट्ट वण तयार होण्यास सुमारें सहा आठवडे लागतात असें १९३९ त बोस्टनमध्यें ठरलें, आणि तितके दिवस रोग्यानें उताणें पडून राहावें हा दंडकच होऊन बसला. सर थॉमस लुईस ह्यांच्या १९३७ च्या पाठ्यपुस्तकांत तर रोग्यावर रात्रंदिवस पहारा असावा, त्यानें आपण होऊन अंगाची हालचालही करूं नये, अशा अर्थाचा उपदेश आहे. करवतीनें लांकूड कापणारा हेबर्डनचा रोगी ह्या मंडळींस आठवला नाहीं, हें उघडच आहे.

हा पहारा रुग्णालयांत परिचारिका करी. घरीं आल्यावर तो कोणीं करावयाचा? पत्नीनें. सहा आठवडे ज्यास भरवलें, पुसलें, कुशीवर वळविलें, तो मनुष्य घरीं येतांच पत्नीच्या दृष्टीनें कांचेचें भांडें होऊन बसे. जिना चढूं नका, पाण्याची बादली उचलूं नका, मोठ्यानें बोलूं नका, मुलांवर रागावूं नका. ही भाषा केवळ विलायतेची नव्हे. आमच्या वाड्यांतून व चाळींतून ती आजही ऐकूं येते, आणि ती बोलणारीचें प्रेम कोणीही नाकारणार नाहीं. परंतु ज्यास रोज दहा वेळां तूं आतां कामाचा राहिला नाहींस असें सुचविलें जातें, त्यास तें हळूहळू पटूं लागतें. औषधानें सुधारलेला रोगी मायेनें पंगु होतो, हा ह्या इतिहासांतील सर्वांत चमत्कारिक भाग होय.

बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइननें आपल्या तरुण सहकाऱ्यासह, बर्नार्ड लाऊनसह, १९५२ त ह्या दंडकावर पहिला घाव घातला. त्यांनीं एक्यायशीं रोग्यांना पहिल्या आठवड्यांतच उचलून आरामखुर्चींत बसविलें. इतर डॉक्टरांच्या अंगावर कांटा आला, पण रोगी मेले नाहींत. उलट त्यांच्या तोंडावर टवटवी आली. लेव्हाइनचें म्हणणें असें कीं, निजवून ठेवल्यानें हृदयावरील भार वाढतो, आणि मनावरील भार त्याहून वाढतो. त्यानें खुर्ची आणली. खुर्चीशेजारीं बसणाऱ्या माणसाचा विचार अजून व्हावयाचा होता.

तो विचार करावयास लावणारी घटना तीनच वर्षांनीं घडली, आणि तीही अशा घरांत कीं साऱ्या जगाचें लक्ष तिकडे जावें. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर १९५५ च्या सप्टेंबरांत डेन्व्हर शहरीं आपल्या सासुरवाडीस मुक्कामास होते. ता. २३ स त्यांनीं दिवसभर गोल्फ खेळला. रात्रीं दीडदोनच्या सुमारास छातींतील वेदनेनें त्यांस जाग आली. शेजारच्या खोलींतून त्यांची पत्नी मेमी उठली. अपचन झालें असेल म्हणून तिनें पोटाचें औषध दिलें, पण मुद्रा पाहून तिचें समाधान झालें नाहीं व तिनें डॉक्टर स्नायडर ह्यांस दूरध्वनीनें बोलाविलें. रोगी गार पडूं लागला तेव्हां त्यास ऊब मिळावी म्हणून मेमीसच त्याच्याजवळ निजावयास सांगितलें, असें स्नायडरच्या टिपणांत आहे. ह्या डॉक्टरानें रोग वेळेवर ओळखला कीं नाहीं ह्याविषयीं इतिहासकारांत वाद आहे. क्लॅरेन्स लॅस्बी ह्यांनीं १९९७ च्या आपल्या ग्रंथांत तो ओळखला नाहीं असाच पक्ष मांडला आहे, आणि त्यांचे पुरावे आम्हांस सबळ वाटतात. दुसऱ्या दिवशीं दुपारीं अध्यक्षांस लष्करी रुग्णालयांत हलविण्यांत आलें. त्या सोमवारीं न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत एकच पडझड झाली.

बोस्टनहून पॉल डडली व्हाइट हा हृद्रोगाचा नामांकित वैद्य आला. हा गृहस्थ स्वतः सायकलीवरून हिंडणारा व चालण्याचा कट्टा पुरस्कर्ता. आतां मेमीकडे पाहूं. लहानपणीं झालेल्या सांधेज्वरानें तिचें स्वतःचें हृदय दुबळें झालेलें होतें. सकाळीं उशीरापर्यंत अंथरुणांत राहण्याबद्दल वर्तमानपत्रें तिला नांवेंही ठेवीत. ती रुग्णालयाच्या आठव्या मजल्यावर पतीच्या शेजारच्या खोलींत येऊन राहिली, आणि सहानुभूतीचीं जीं पत्रें पोत्यांनीं येत होतीं त्यांतील हजारों पत्रांस तिनें उत्तरें पाठविलीं. सात आठवड्यांनीं, ता. ११ नोव्हेंबरला, अध्यक्ष डेन्व्हरहून निघाले.

येथपर्यंत ही कथा कोणत्याही पतिव्रतेची म्हणून सांगतां येईल. तिचें खरें महत्त्व पुढें आहे. पुन्हां निवडणुकीस उभें राहावें कीं नाहीं हा प्रश्न होता. आयझेनहॉवरांनीं मागाहून आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे कीं, आपण कायमचे पंगु झालों ही कल्पना इतर कोणापेक्षांही मेमीनें मान्य केली नाहीं. ज्या कार्यावर पतीची श्रद्धा आहे तें येथेंच संपलें असें मानावयास ती रुग्णालयांतील दिवसांतही तयार नव्हती. ज्या काळांत लुईसचा पहारा हेंच शास्त्र होतें त्या काळांत एका दुबळ्या हृदयाच्या स्त्रीनें पतीस कांचेचें भांडें मानण्याचें नाकारलें. ता. २९ फेब्रुवारी १९५६ रोजीं त्यांनीं उमेदवारी जाहीर केली, ते निवडून आले, आणि पहिल्या झटक्यानंतर साडेतेरा वर्षें जगून १९६९ च्या मार्चमध्यें वारले. ह्यांत व्हाइटचा वांटा किती, मेमीचा किती आणि दैवाचा किती, हें एका उदाहरणावरून सांगतां येत नाहीं. त्यासाठीं पुष्कळ माणसें मोजावीं लागतात.

माणसें मोजण्याचें काम इंग्लंडांत विल्यम फार ह्यानें शंभर वर्षें आधीं आरंभिलेंच होतें. फ्रान्समधील मृत्यूंचे तक्ते घेऊन त्यानें १८५८ त असें दाखविलें कीं, कोंवळ्या वयांतील लग्नें सोडल्यास विवाहित माणसें अविवाहितांपेक्षां व विधुरविधवांपेक्षां कमी प्रमाणांत मरतात. १९६९ त कॉलिन मरे पार्क्स व त्याचे सहकारी ह्यांनीं ४,४८६ इंग्रज विधुरांचा हिशोब प्रसिद्ध केला. पंचावन्न वर्षें व त्यापुढील वयाचे हे पुरुष. पत्नी वारल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यांतील मृत्यू अपेक्षेहून शेंकडा ४० नीं अधिक झाले, आणि ती वाढ सर्वांत ठळक दिसली ती हृदयाच्या रोगांत. काळीज फाटणें हा वाक्प्रचार येणेंप्रमाणें कोष्टकांत येऊन बसला.

ह्या दोन्ही गणनांत एक उणीव होती. त्यांत पत्नी आहे किंवा नाहीं एवढेंच विचारलें होतें. ती कशी आहे, संसार कसा आहे, हें विचारलें नव्हतें. तें धाडस इस्राएलांतील मेडाली व गोल्डबोर्ट ह्या दोघांनीं केलें. सरकारी व नगरसंस्थांतील सुमारें दहा हजार पुरुष नोकर, वय चाळीस व पुढें, ह्यांची त्यांनीं पांच वर्षें पाहणी केली. रक्तदाब, रक्तांतील स्निग्ध द्रव्य, धूम्रपान हे नेहमींचे प्रश्न तर होतेच; त्यांबरोबर तुमची पत्नी तुम्हांस प्रेम दाखविते काय, असाही एक साधा प्रश्न होता. १९७६ त प्रसिद्ध झालेलें फळ असें: जे पुरुष फार चिंताग्रस्त होते त्यांपैकीं, पत्नीचें प्रेम आहे असें सांगणाऱ्यांत हजारीं ५२ जणांस हृच्छूल जडलें, तर तसें न सांगणाऱ्यांत हजारीं ९३ जणांस. आंकडे बोलके आहेत. मात्र एक गोष्ट आम्हीं नमूद केल्याशिवाय राहवत नाहीं. दहा हजार नवऱ्यांस बायको प्रेम दाखविते काय हें विचारलें. त्या दहा हजार बायकांस कोणींच कांहीं विचारलें नाहीं.

त्यांस विचारण्याचा, किंबहुना त्यांस चालावयास लावण्याचा, प्रयोग कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत झाला, व तो ह्या साऱ्या इतिहासांत आम्हांस सर्वांत आवडतो. झटका येऊन तीन आठवडे झालेल्या तीस पुरुषांना फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांच्या हृदयाची परीक्षा करावयाची होती. त्यांच्या बायकांचे तीन गट केले. दहा जणी बाहेर बसून राहिल्या. दहा जणींनीं आंत बसून नवऱ्याची परीक्षा पाहिली. उरलेल्या दहा जणींनीं ती पाहिली, आणि मग स्वतः त्याच पट्ट्यावर, नवऱ्यानें गांठलेल्या जास्तींत जास्त चढावर व वेगावर, तीन मिनिटें चालून दाखविलें. नंतर प्रत्येकीस विचारलें कीं, तुमच्या नवऱ्याचें हृदय किती श्रम सोसूं शकेल? बाहेर बसलेल्यांचें भय कायम होतें. नुसत्या पाहणाऱ्यांचेंही फारसें हटलें नाहीं. ज्या स्वतः चालल्या त्यांचा विश्वास मात्र नवऱ्यांच्या विश्वासाच्या बरोबरीनें वर चढला. टेलर, बांडुरा प्रभृति विद्वानांनीं हें १९८५ त प्रसिद्ध केलें. पुढील कांहीं महिन्यांत कोणता पुरुष कितपत श्रम करूं शकेल ह्याचा अंदाज बांधतांना, त्या दांपत्याच्या एकत्रित विश्वासाचा उपयोग होतो असेंही त्यांस आढळलें. छाती धापा टाकूं लागल्याशिवाय तिला कळलें नाहीं कीं हा मनुष्य अजून किती धड आहे. मेमी आयझेनहॉवरनें जें अंतःप्रेरणेनें केलें तें येथें तीन मिनिटांत शिकवितां आलें.

आतां शंका घेणाऱ्यांची बाजू. ते म्हणतील, ज्याचें शरीर चांगलें त्याचा स्वभाव चांगला, ज्याचा स्वभाव चांगला त्याचा संसार चांगला. कारण कोणतें व कार्य कोणतें हें कसें ठरवावें? ही शंका रास्त आहे, व तिचें पुरें निरसन कोणत्याही आंकड्यानें होत नाहीं. दुसरी शंका अशी कीं, ह्यांत गूढ कांहींच नसून कोणी तरी वेळेवर गोळी देतें, मिठाचा हात आंखडतें, विडी लपवून ठेवतें, रात्रीं दोन वाजतां हांक ऐकतें, एवढेंच तें आहे. ही शंका नव्हे, उत्तरच आहे असें आम्ही समजतों. कुलिक व मॅलर ह्यांनीं १९८९ त छाती उघडून शस्त्रक्रिया केलेल्या ५६ विवाहित पुरुषांची पाहणी केली. ज्यांच्या बायका रुग्णालयांत वारंवार येऊन बसत त्यांस वेदनाशामक औषध कमी लागलें व ते लवकर घरीं गेले. संसार कितपत सुखाचा आहे ह्याचा मात्र तेथें फारसा फरक पडला नाहीं. येऊन बसणें हेंच पुरलें. प्रेमाचा अर्थ एवढा साधा असूं शकतो, हें कवींनाही सांगण्यासारखें आहे.

इतका वेळ जें सांगितलें त्यांत रोगी नवरा आहे व शुश्रूषा करणारी बायको आहे. हेबर्डनच्या त्या तीन स्त्रियांमुळें हृद्रोग हा पुरुषांचा रोग अशी समजूत बळावली, व दोनशें वर्षें ती टिकली. आमच्याकडे तिला पुराणाचाही आधार मिळाला. यमाच्या मागें जाऊन पतीचे प्राण परत आणणें हें सावित्रीचें काम. ज्येष्ठी पौर्णिमेस वडाला सूत गुंडाळतांना प्रत्येक स्त्री त्याच करारावर सही करीत असते. परंतु सावित्रीच्याच छातींत कळ आली तर सत्यवानानें काय करावें, ह्याविषयीं व्रतकथेंत एक अक्षर नाहीं.

वैद्यकाच्या कथेंत तें अक्षर १९९० नंतरच्या दशकांत लिहिलें गेलें. स्टॉकहोमच्या क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर ह्यांनीं हृदयरोगानें रुग्णालयांत आलेल्या २९२ स्त्रिया, वय तीस ते पासष्ट, ह्यांचा सुमारें पांच वर्षें मागोवा घेतला. ज्या नवऱ्याबरोबर राहत होत्या त्यांपैकीं ज्यांचा संसार तंट्याचा व ताणाचा होता, त्यांस हृदयाचें दुखणें पुन्हां उलटण्याचा धोका इतरांच्या २.९ पट आढळला. नोकरींतील ताणाचा असा ठळक परिणाम दिसला नाहीं. हें १९९९ चें शतक मावळतांना, म्हणजे २००० सालीं, प्रसिद्ध झालें. नोकरी करणाऱ्या स्त्रीचें आरोग्य नोकरीनें बिघडतें असें जे आमच्याकडे अजून सांगत फिरतात, त्यांनीं हा निष्कर्ष सावकाश वाचावा. पुढल्याच वर्षीं कॉइन, रोरबाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत हृदयाची शक्ति क्षीण झालेल्या १८९ रोग्यांविषयीं लिहिलें. संसाराचा दर्जा व चार वर्षांनंतर जिवंत असणें ह्यांचा संबंध तेथेंही होता, आणि तो स्त्रीरोग्यांच्या बाबतींत अधिक बळकट होता.

रॉचेस्टर येथील किंग व रीस ह्यांचें काम तर अधिक विचार करावयास लावणारें आहे. १९८७ ते १९९० च्या दरम्यान बायपासची शस्त्रक्रिया झालेल्या २२५ जणांची त्यांनीं पंधरा वर्षांनीं विचारपूस केली, व २०१२ त ती प्रसिद्ध केली. संसारांत समाधानी असलेल्या पुरुषांपैकीं शेंकडा ८३ जिवंत होते. असमाधानी संसारांतले शेंकडा ६०. अविवाहित शेंकडा ३६. म्हणजे पुरुषास कसाही संसार मानवतो. स्त्रियांचे आंकडे पाहा: समाधानी संसारांतल्या शेंकडा ८३, असमाधानी संसारांतल्या शेंकडा २८, अविवाहित शेंकडा २७. माणसें थोडीं आहेत, आंकड्यांवर फार भार टाकतां येत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. तरीही ८३ वरून २८ वर येणारी ही उतरंड पाहून कोणीही थबकेल. पुरुषास वाईट संसारांतही वेळेवर जेवण मिळतें, औषध मिळतें, डॉक्टरांस बोलावणारें कोणी मिळतें. स्त्री असमाधानी संसारांत हीं सारीं कामें करीतच असते. तिच्यासाठीं तीं करणारें कोणी नसतें. हा आमचा तर्क आहे, त्या विद्वानांचा नव्हे. पण मराठी घरें पाहिलेल्या वाचकास तो पटवून द्यावा लागेल असें वाटत नाहीं.

ह्या संबंधांत अमेरिकेंतील फ्रामिंगहॅम गांवच्या प्रसिद्ध पाहणीचा एक निष्कर्ष सांगितलाच पाहिजे. ईकर व सहकारी ह्यांनीं २००७ त सुमारें साडेतीन हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची दहा वर्षांची हकीकत मांडली. नवऱ्याशीं खटका उडाला असतां ज्या स्त्रिया ओठ मिटून गप्प राहत, त्यांस ह्या काळांत मृत्यु येण्याचा धोका मोकळेपणानें बोलणाऱ्या स्त्रियांच्या चौपट आढळला. पुरुषांच्या मौनाचा असा परिणाम दिसला नाहीं. आमच्या आज्या-पणज्यांस मुलींना सासरीं पाठवितांना जो एकच उपदेश करावयाचा ठाऊक होता, तो ह्या कोष्टकांत प्राणघातक ठरला आहे.

मग उपाय? येथें इतिहास अडखळतो. दुःखी व एकाकी रोग्यांस समुपदेशन दिलें तर ते अधिक जगतील अशा आशेनें अमेरिकेंत २,४८१ रोग्यांवर मोठा प्रयोग झाला. २००३ त त्याचें फळ आलें: मन थोडें हलकें झालें, परंतु मृत्यू कमी झाले नाहींत, झटकेही कमी झाले नाहींत. बऱ्याच जणांनीं हा विषय तेव्हांच मिटविला. ऑर्थ-गोमेर बाईंनीं मात्र तो मिटूं दिला नाहीं. त्यांनीं २३७ हृद्रोगी स्त्रिया घेतल्या व चिठ्ठ्या टाकाव्या तशा त्या दोन भागांत वांटल्या. एका भागास नेहमींचे उपचार. दुसऱ्या भागांतील स्त्रिया त्यांशिवाय चार ते आठ जणींच्या लहान मंडळांत वर्षभर भेटत. घर, काम, नवरा, मुलें ह्यांच्या ओढाताणींत आपलें हृदय कसें जपावें, हें त्या परिचारिकांच्या मार्गदर्शनानें आपसांत बोलत. सुमारें सात वर्षांनंतर पहिल्या भागांतील शेंकडा २० स्त्रिया वारल्या होत्या, दुसऱ्या भागांतील शेंकडा ७. हें वृत्त २००९ त प्रसिद्ध झालें. त्या मंडळांत केवळ स्त्रियाच बसत. ज्यांच्याविषयीं बोलणें होत असे त्या नवऱ्यांपैकीं कोणी त्या खोलींत नव्हता.